अहवालाखालची सही

सर, तुम्हाला मातीत बसवून आज सहा दिवस झाले. स्वामींनी मंत्र म्हणत भस्म टाकलं, तुमच्या मुलीनं, उमानं, बेलाची पानं वाहिली. तुम्ही मांडी घालून ताठ बसला होता, वर्गातल्या खुर्चीत बसायचात तसेच. मी मागं उभा होतो. मला रडू आलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचताना कुणाचा तरी गैरसमज व्हायचा.

माती झाल्यावर उमानं मला बाजूला घेतलं आणि कॉलेजच्या अंकासाठी तुमच्यावर दोन पानं लिहून मागितली. म्हणाली, काका, बाबांना तुमच्याइतकं जवळचं दुसरं कोण होतं? वीसएक वर्षं आपण एका खोलीत समोरासमोर टेबलं टाकून बसलो, एकच विषय शिकवला, म्हणून लेकीला तसं वाटत असेल. मी बरं म्हणालो. तिला काय सांगणार होतो? की तुझ्या बापाशी मी कामाबाहेरचा शब्द बोललेलो नाही, आणि कामाचंही आम्ही कागदावर लिहून एकमेकांच्या टेबलावर ठेवत होतो? आणि आपण दोघं शिकवायचो काय, तर संवाद. इंजिनीअरिंगच्या पोरांना अर्ज कसा लिहावा, अहवाल कसा मांडावा, बैठकीत काय ठरलं ते कसं नोंदवावं, मुलाखतीत कसं बोलावं, हे सांगून आपण पोट भरलं.

तुमचा पहिला तास मला अजून टोचतो. नांदेडचं आपलं कॉलेज नवीन होतं, मी दुसऱ्या वर्षाला. तुम्ही म्हणालात, तुमच्या घरी कसं पोचायचं ते अनोळखी माणसाला सांगा. माझी पाळी आली. मी नायगावचा. मी म्हणालो, "देगलूरच्या गाडीत बसायचं, नायगावला उतरलं की मंग शाळंमागून जायचं. थितं कुनालाबी इचारलं तर सांगतेत."

तुम्ही डोळे मिटून ऐकलंत. मग म्हणालात, "सोनकांबळे, या भाषेत बैल घरी पोचेल. माणूस नाही पोचणार."

सगळा वर्ग हसला. मग मला उभं ठेवून तोच रस्ता पुन्हा सांगायला लावलात. थितं म्हणजे कुठं, मागून म्हणजे डावीकडून की उजवीकडून, विचारायचं ते कुणाला. सातव्यांदा सांगितला तेव्हा त्यात एक शब्द जास्तीचा नव्हता, आणि माझं गावही त्यात राहिलं नव्हतं. तुम्ही बसा म्हणालात. त्या दिवसापासून मी तुमच्यावर खार खाऊन होतो.

पण शिकवायचात. हे नाकबूल करता येत नाही, आणि म्हणूनच जास्त राग येतो. वाईट मास्तर असतात तर विसरून गेलो असतो. वाक्यात काम कुणी केलं ते सांगितलेलं नसलं, की तुम्ही समासात लाल शाईनं एकच शब्द लिहायचात, 'कोण?' 'निर्णय घेण्यात आला', 'यंत्र बंद ठेवण्यात आले', 'विलंब झाला', सगळ्यांपुढं 'कोण?' वही परत आली की पानभर तेच दिसायचं. माझ्या वहीत सगळ्यात जास्त. पुढं पुढं मला रस्त्यावरच्या पाट्या वाचतानाही तो शब्द ऐकू यायला लागला.

आणि माझ्या वडिलांचा अर्ज. तोही सांगितला पाहिजे. दादा नायगावला शाळेत शिपाई होते. कुणीतरी खोटी तक्रार केली आणि त्यांना घरी बसवलं. गावातल्या एकानं त्यांना मायबाप सरकार घालून चार पानी अर्ज लिहून दिला होता, तो मी भीतभीत तुम्हाला दाखवला. तुम्ही तो फाडलात. मला खुर्चीत बसवून सगळं विचारलंत, आणि आठ ओळींचा नवा अर्ज लिहिलात. तक्रार कुणी केली, कोणत्या दिवसाची, त्या दिवशी दादा कुठं होते, कुणी पाहिलं, आता काय करायचं. ओळखीच्या एका अधिकाऱ्याकडं तुम्ही स्वतः तो घेऊन गेलात. महिन्याभरात दादा कामावर गेले. ते पाया पडायला आले तेव्हा तुम्ही पाय मागं घेतलेत आणि म्हणालात, पोराला वाक्यं पूर्ण करायला सांगा. दादा मरेपर्यंत तुमचं नाव घेताना टोपी काढायचे. ती टोपी मला सहन व्हायची नाही.

मग तो दुष्काळ आला. लातूर जिल्हा तेव्हा नुकता वेगळा झाला होता. कचेऱ्या भाड्याच्या घरांत, फायली उस्मानाबादहून गोण्यांत भरून यायच्या, पाट्यांचा रंग वाळलेला नव्हता. तुमच्या ओळखीचा तो अधिकारी तिथं बदलून गेला होता. कुठल्या गावाला टँकर द्यायचा हे ठरवायला त्याला हापशांची पाहणी हवी होती, आणि माणसं नव्हती. तुम्ही वर्गात येऊन सांगितलंत की या वर्षी अहवाललेखनाचं प्रात्यक्षिक खरंखुरं होणार. दोघादोघांच्या जोड्या केल्यात. माझ्याबरोबर देगलूरचा मोईन.

आम्हाला मिळालं ते गाव अहमदपूरच्या पुढं, फाट्यावरून आत. कागदावर तिथं तीन हापसे चालू होते. एकाचा दांडा कुणीतरी काढून नेला होता. दुसरा हापसून हापसून मोईनच्या हाताला फोड आले, गंजाचं पाणीसुद्धा आलं नाही. तिसऱ्याभोवती कुंपण घालून तो एका घराच्या अंगणात घेतला होता, आणि तोही कोरडाच. आमच्या लोकांची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. त्या बाया ओढ्यात खणलेल्या झिऱ्यातून वाटीनं पाणी भरत होत्या. गुरंही तिथंच उतरत होती.

सुभद्राबाई नावाची म्हातारी तिथं घागरीजवळ बसली होती. तिचा मुलगा नामदेव माझ्याच वयाचा. आडनाव विचारून झाल्यावर तिनं माझ्या वहीवर हात ठेवला. म्हणाली, "तू आपलाच हाईस लेकरा. लई काही लिवू नको. हापशाला पानी न्हाई, येवढंच लिव."

मी तेवढंच लिहिलं. अहवाल मराठीतच हवा होता. 'गावात तीन हातपंप आहेत. तिन्हींना पाणी नाही. वस्तीतले लोक ओढ्यातल्या खड्ड्याचं पाणी पितात. तिथंच जनावरं पाणी पितात.' तुमच्या शिकवणुकीतली सगळ्यात चांगली चार वाक्यं होती ती, सर. मला वाटलं होतं, या वेळी समास पांढरा राहील.

तुम्ही ती खोडलीत. त्यांच्या जागी सुंदर अक्षरात लिहिलंत, 'गावातील काही हातपंपांची कार्यक्षमता अपेक्षेपेक्षा कमी असल्याचे निदर्शनास आले. तथापि पर्यायी जलस्रोत उपलब्ध आहेत.'

मी खोलीत येऊन भांडलो. पर्यायी जलस्रोत म्हणजे काय, तो खड्डा? निदर्शनास आले, कुणाच्या? तुम्हीच शिकवलंत ना सर, की कोण ते लिहा. तुम्ही शांतपणे म्हणालात, "ते वर्गातलं. हे कार्यालयात जाणार आहे." मग समजावून सांगितलंत. ते तीन हापसे चालू म्हणून दाखवले होते त्याच अधिकाऱ्यानं. नवा जिल्हा, नवी माणसं, पहिल्याच अहवालात त्यांना तोंडघशी पाडलं तर कॉलेजला पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. वाचणाऱ्याला राग न आणता खरं सांगणं हीच खरी कला, असंही म्हणालात. मी म्हणालो, यात खरं कुठं हाय? तुम्ही माझं 'हाय' ऐकून नुसतं पाहिलंत.

अहवाल टाइप होऊन गेला. त्या गावाला टँकर मिळाला नाही. पुढच्या महिन्यात वस्तीत उलट्या-जुलाबाची साथ आली. सुभद्राबाई दुसऱ्या दिवशी गेली. तिच्यानंतर आणखी दोघं गेली, त्यात एक चार वर्षांची पोर होती. वर्तमानपत्रात आलं तेव्हा अधिकाऱ्यानं आमचाच अहवाल पुढं केला. इंजिनीअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनीच पर्यायी पाणी असल्याचं लिहून दिलं आहे, खाली त्यांच्या सह्या आहेत, असं छापून आलं.

मी त्या गावाला गेलो. नामदेवच्या डोक्यावर केस नव्हते, हातात वर्तमानपत्र होतं. त्यानं विचारलं, "हे तुमी लिवलं का?" मी म्हणालो, मी खरं लिहिलं होतं, आमच्या सरांनी ते बदललं. सह्या आमच्याकडून आधीच कोऱ्या पानावर घेतल्या होत्या. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. बसा म्हणाला, चहा करायला लावला. कुठल्या पाण्याचा होता कुणास ठाऊक. मी पिलो.

पुढं मी पास झालो, पाणीपुरवठ्यात काही वर्षं कनिष्ठ अभियंता राहिलो, आणि नोकरी करत करत बाहेरून एम.ए. केलं. लोक विचारायचे, चांगली साइटवरची नोकरी सोडून मास्तरकी कशाला? मी तुमच्या रागानं हा विषय शिकवायला आलो, सर. मुलाखतीला तुम्हीच होतात. तुम्ही एकच प्रश्न विचारलात, हा विषय तुम्हाला का शिकवायचा आहे? मी म्हणालो, तुमच्यामुळं. बाकीचे कौतुकानं हसले. तुम्ही हसला नाहीत, आणि मला विरोधही केला नाहीत. का केला नाहीत ते कधी कळलं नाही.

मग आपली वीस वर्षांची टिपणी सुरू झाली. 'विषय: दक्षिणेकडील खिडकी उघडी ठेवण्याबाबत. संदर्भ: आपली कालची टिपणी.' तुम्ही मला नेहमी आपण लिहायचात, आपण सदर तास घ्यावा, आपली रजा मंजूर. मी तुम्हाला उलट टपाली लिहायचो, दोन टेबलांमध्ये चार फुटांचं अंतर असताना. शिपाई आपले कागद इकडून तिकडं नेऊन कंटाळला. तुमची टिपणी मात्र वाचावी अशी असायची. त्यात शोधूनही चूक सापडायची नाही, आणि मी रोज शोधायचो.

दरवर्षी मी फळ्यावर दोन्ही उतारे लिहायचो, माझा आणि तुमचा. पोरांना सांगायचो, यातल्या एका उताऱ्यानं तीन माणसं मारली, कोणता ते ओळखा. ती बरोबर ओळखायची. एकदा एका मुलीनं विचारलं, सर, दुसरा कुणी लिहिला? मी भिंतीकडं बोट केलं. पलीकडच्या वर्गात तुम्ही शिकवत होता, आवाज ऐकू येत होता. वर्ग हसला. तुमच्या वर्गात माझ्यावर हसला होता तसाच. मला फार बरं वाटलं. तुमच्यापर्यंत ते पोचलं होतं, मला माहीत आहे. त्यावर तुमची टिपणी आली नाही. मी आठवडाभर वाट पाहिली.

तुम्ही निवृत्त होऊन लातूरला गेलात. मग अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. उमाचा फोन आला की बाबा तुमचं नाव लिहून दाखवतात, एकदा येऊन जा. मी दोनदा टाळलं. गेल्या महिन्यात आलो. तुम्ही खाटेवर उशांना टेकून होता, मांडीवर पाटी-पेन्सिल, लहान पोराची असते तशी. उमा चहा करायला आत गेली. तुम्ही डाव्या हातानं लिहायला घेतलंत. किती वेळ लागला. तुमचं ते वळणदार अक्षर, आणि या वाकड्यातिकड्या रेघा. दोन शब्द होते.

'चूक झाली.'

इतक्या वर्षांनी, सर, आणि तेही असं. मला तुमच्या आजाराची दया यायला हवी होती. आली नाही. मी तुमच्या हातातून पेन्सिल घेतली आणि खाली लिहिलं, 'कोणाची?'

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. तोंडाचा एक कोपरा हलला, ते हसू होतं की झटक्याची ओढ, सांगता येणार नाही. मग पुन्हा पेन्सिल घेतलीत आणि लिहिलंत, 'आपली.'

मी चहा न घेता उठलो. नांदेडच्या गाडीत बसून तो एक शब्द उलटसुलट करत राहिलो. आपली म्हणजे आपल्या दोघांची? की टिपणीत लिहायचात तसं, आपली म्हणजे तुमची, सोनकांबळे? आयुष्यभर पोरांना सांगितलंत, एका शब्दाचे दोन अर्थ निघत असतील तर तो शब्द टाकून द्या. आणि शेवटी मला तोच दिलात. मी चिडलो होतो, पण चिडलो होतो ते दोन्ही अर्थ खरे होते म्हणून.

कारण सह्या कोऱ्या पानावर घेतलेल्या नव्हत्या. ते मी नामदेवला सांगितलं, वीस वर्षं पोरांना सांगितलं, घरी बायकोलाही तेच सांगितलं. खरं तुम्हाला आणि मला माहीत होतं. टाइप केलेला अहवाल तुम्ही माझ्यापुढं ठेवलात. मोईननं बसच्या घाईत न वाचता सही केली आणि गेला. मी वाचला. पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्या दोन वाक्यांवर थांबलो, ती पुन्हा वाचली. मान वर करून म्हणालो, सर, हे तर... तुम्ही पेनाचं टोपण काढून पेन माझ्याकडं केलंत आणि म्हणालात, "वडिलांचं कसं चाललंय?"

मी म्हणालो, बरं चाललंय. आणि सही केली.

ती धमकी होती का सर? की खरंच विचारपूस होती? तुमच्या चेहऱ्यावरून कधी काही कळायचं नाही. मी ती धमकीच होती असं धरून चाललो, त्याशिवाय मला जगताच आलं नसतं. पण कधी कधी असंही वाटतं, की तुम्ही सहज विचारलंत, आणि सही करायला निमित्त मीच शोधत होतो. दादांची नोकरी, अंतर्गत गुण, शिष्यवृत्ती. हे तुम्हाला तोंडावर विचारायचं होतं. समोरासमोर बसून वीस वर्षांत विचारलं नाही, आणि विचारायला आलो तेव्हा तुम्हाला बोलता येत नव्हतं. त्याचाही राग मी तुमच्यावरच काढतो.

परवा उमाची पानं लिहायला बसलो. 'सरांचे विद्यार्थ्यांवरील प्रेम सर्वश्रुत होते' असं लिहून झालं आणि माझ्याच हातानं समासात 'कोण?' उमटलं. कागद ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं अहमदपूर गाठलं, तिथून फाटा, फाट्यावरून चालत.

नामदेव दारात बसला होता. त्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या आहेत. मला ओळखायला त्याला वेळ लागला, ओळखल्यावर त्यानं पोत्यावर जागा करून दिली. मी फार पाल्हाळ लावलं नाही. म्हणालो, "सुभद्रामायच्या वक्ताचा तो अहवाल. सह्या कोऱ्या कागदावर घेतल्या म्हणून मी तुला सांगितलं होतं. तसं न्हाई. मी वाचला होता. पाणी हाय असं त्यात लिहिलंय हे मला दिसत होतं, अन् मी सही केली."

समोर कोंबड्या दाणे टिपत होत्या. मग त्यानं विचारलं, "तुमचे ते सर?"

"गेले. पाच दिस झाले."

"म्हंजी ते होते तवर तुमी गप होते."

मी हाव म्हणालो.

तो गुडघ्यावर हात टेकून उठला आणि आत गेला. मी पोत्यावर बसून राहिलो. आत काही बोलणं झालं, ते ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं त्याची सून बाहेर आली, पदर सावरून दाराच्या चौकटीत उभी राहिली. म्हणाली, "मामा निजलेत. तुमची एसटी साडेचारची हाय."

तेव्हा दोनच वाजले होते.